‘जायबंदी’ की ‘दिव्यांग’?

प्रश्न असा आला आहे : जर्मनीत अपंगांसाठी नोकऱ्यांमध्ये ठेवलेल्या राखीव जागांबद्दलच्या लेखाचं भाषांतर करायचं आहे. १९२०च्या कायद्यात ‘श्वेरबेशेडिख्ट’ असा शब्द आहे, १९७४च्या कायद्यात ‘श्वेरबेहिंडर्ट’. दोन्हींना ‘दिव्यांग’ चालेल का?

माझ्या मते नाही. निदान पहिल्याला तरी नाही. १९२०चा कायदा मुख्यतः युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी होता. त्यांच्या तोंडी २०१५नंतर रुजलेला शब्द घालणं विचित्र दिसेल, पण खरी अडचण अर्थाची आहे.

‘श्वेर’ म्हणजे तीव्र, ‘शाडेन’ म्हणजे नुकसान. ‘बेशेडिख्ट’ हे खोक्यात फुटलेल्या मालालाही म्हणतात. पहिलं महायुद्ध संपल्यावर हातपाय, डोळे गमावून परतलेल्यांना काम मिळावं म्हणून जानेवारी १९१९च्या हुकुमाने दर १०० कामगारांमागे एक जागा त्यांच्यासाठी ठेवायला लावली. पुढच्या वर्षी, एप्रिल १९२०मध्ये, कायदा झाला. कमाईची क्षमता निम्मी किंवा त्याहून जास्त गेलेले सैनिक त्यात आले, कामावर अपघात झालेलेही आले. जन्मापासून अंध असलेला माणूस मात्र त्यात आपोआप बसत नव्हता. कारण शब्दच मुळी ‘कशामुळे नुकसान झालं?’ असं विचारणारा.

आपल्याकडे हे काम ‘-ग्रस्त’ करतो. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के आणि भूकंपग्रस्तांना २ टक्के समांतर आरक्षण आहे. तिथेही आधी कारण, मग माणूस. त्या न्यायाने ‘युद्धग्रस्त’ सुचेल, पण तो शब्द आपण देशांसाठी आणि प्रदेशांसाठी खर्च करून टाकला आहे.

म्हणून मी ‘जायबंदी’ सुचवतो. त्यातला ‘जाया’ म्हणजे वाया गेलेला, नासलेला. हिंदीत वेळ ‘ज़ाया’ होतो तोच हा. म्हणजे मालाचा शब्द माणसाला लागला, अगदी जर्मनसारखाच. हल्ली तो क्रीडापानावर गोलंदाजाचा खांदा दुखावला की तेवढ्यापुरता भेटतो, हे त्याचं दुर्दैव. ‘तीव्र जायबंदी’ कानाला खटकत असेल तर ‘युद्धात जायबंदी झालेले’ असं सुटं लिहा. अपघातवाल्यांचा उल्लेख मात्र वेगळा करावा लागेल.

१९७४मध्ये पश्चिम जर्मनीने कारण विचारणं सोडलं. जन्मजात असो, आजाराने असो, युद्धाने असो, सगळे एका यादीत. १६ किंवा अधिक जागा असलेल्या मालकाने ६ टक्के द्यायच्या, नाहीतर दरमहा रक्कम भरायची. (ब्रिटनने १९४४च्या कायद्यात सैनिक आणि इतर असे दोघेही घेतले होते. तिथे लिफ्टमनचं आणि गाड्यांच्या तळावरच्या राखणदाराचं काम खास त्यांच्यासाठी ठेवलं होतं!) ‘बेहिंडर्ट’ म्हणजे अडवलेला, वाटेत अडथळा असलेला. इथे ‘तीव्र अपंगत्व असलेली व्यक्ती’ लिहा. ‘दिव्यांग’ लिहिलात तरी मी भांडणार नाही.

फक्त एकाच वाक्यात दोन्ही कायदे आले तर दोन्ही शब्द वेगळे ठेवा. नाहीतर १९७४मध्ये नेमकं बदललं काय, हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.