अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी उशिरा उचलते. थ्रॉटल बॉडी बदलावी का?

तुमची २०१६ची पेट्रोल हॅचबॅक चांदणी चौकाचा चढ चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी क्षणभर ढिम्म राहते आणि मग एकदम झटका देऊन पळते. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही आणि गॅरेजवाल्याने थेट नवीन थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा पाकळीने कमी-जास्त करणारा भाग) सांगितली आहे. कृपया पार्टची ऑर्डर आज देऊ नका. हा महागडा पार्ट आहे आणि तो खरंच खराब असल्याचं अजून कुणी तपासलेलंच नाही.

मी कोथरूडला गॅरेज चालवतो. पिकअपची तक्रार आली की मी आधी एवढंच बघतो की उशीर इंजिनाला होतोय की गाडीला. मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला ताशी ४० किमीच्या आसपास असताना पॅडल पूर्ण दाबा आणि शेजारी बसलेल्याला आरपीएमचा काटा बघायला सांगा. काटा झरकन वर गेला आणि वेग मागे रेंगाळला, तर क्लच घसरतोय. सिंहगड रोडच्या गर्दीत रोज हाफ क्लचवर चालणाऱ्या गाड्यांचं हेच होतं, चढावर करपल्याचा वासही येतो. अशा गाडीला थ्रॉटल बॉडी कितीही नवी घातली तरी काडीचा फरक पडणार नाही.

पण तुम्ही झटका म्हणताय, त्यामुळे मला वाटतं तुमच्याकडे काटाच उशिरा हलत असणार. म्हणजे इंजिनच दाद देत नाहीये. इथून पुढे अंदाज नकोत, स्कॅनर लावा. स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडायचं ओबीडीचं सॉकेट असतं, साधा ब्लूटूथ स्कॅनरही चालेल. दिवा लागला नसला तरी आत बिघाडाचा कोड साठलेला असू शकतो.

सुरुवात मॅप सेन्सरपासून, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरपासून करा, बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत तोच असतो. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा. या वेळी सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे ९४-९५ किलोपास्कल दिसायला हवेत. इंटरनेटवर १०१ लिहिलेलं असतं, ते मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहराचं. तुमचा आकडा ८५ किंवा १०१ आला तर सेन्सरच खोटं बोलतोय आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याच्या भरवशावर पेट्रोलचं माप चुकवतोय.

मग लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा. ईसीयूला ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवावं किंवा कमी करावं लागतंय, ते यात कळतं. शून्याच्या आसपास असेल तर उत्तम. सतत अधिक १०च्या वर राहत असेल तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, अशा वेळी बऱ्याचदा पी ०१७१ कोडही सापडतो. हा आकडा एकदा आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू, पॅडल न दाबता) घ्या आणि एकदा चढावर गाडी ताणताना, शेजारच्याकडे मोबाइल देऊन. चढावर तो वाढत गेला तर फ्युएल फिल्टर किंवा पंपाचा संशय घ्या. मेकॅनिककडून गेज लावून प्रेशर मोजून घ्या, साध्या इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत ते ३ ते ४ बार असतं. आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर कुठून तरी चोरून हवा शिरतेय. मॅप सेन्सरवाल्या गाडीत मात्र ही गळती ट्रिममध्ये फारशी दिसत नाही, त्याऐवजी आयडल उगाच चढलेलं राहतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर रबरी होज आणि वायरी कुरतडतात, तेव्हा बॉनेट उघडून टॉर्चने एकदा नीट बघाच.

ट्रिम ठीक असेल तर स्पार्क प्लग काढून बघा. आयडलला ठीक चालणारा प्लग लोड आला की मिसिंग करतो, म्हणजे मधूनच ठिणगी चुकवतो, आणि 'आधी काहीच नाही, मग झटका' हे मिसिंगचंही लक्षण आहे. गाडीला सीएनजी असेल तर प्लगवरचा संशय दुप्पट, कारण गॅसला ठिणगी जास्त जोरकस लागते. प्लग नवे असतील तर ठिणगी देणाऱ्या कॉइलची अदलाबदल करून मिसिंग कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरला सरकतं का ते पाहा. एअर फिल्टर तुंबलेला असेल तर बदला, पण त्याने गाडी वरच्या आरपीएमला दमते. सुरुवातीचा उशीर त्याच्यामुळे क्वचितच होतो.

आता तुमची थ्रॉटल बॉडी. तिच्या पाकळीच्या कडेला कार्बन साचतो आणि पॅडल अलगद दाबताना गाडी अडखळते. यावर इलाज सफाईचा. क्लीनर कापडावर घेऊन पुसायचं, इलेक्ट्रॉनिक पाकळी बोटाने जबरदस्तीने ढकलायची नाही आणि नंतर स्कॅनरने आयडल रीलर्न करून घ्यायचं, म्हणजे ईसीयूला पाकळीची जागा नव्याने शिकवायची. बदलायची वेळ आलीय का, हे पुन्हा चावी ऑन आणि इंजिन बंद ठेवून कळतं. पॅडल अगदी सावकाश तळापर्यंत दाबा. स्कॅनरवर पॅडलचा आकडा सलग चढतोय आणि थ्रॉटलचा मध्येच उड्या मारतोय, किंवा पी २१३५ कोड आहे, तर वायरिंग आणि कनेक्टर तपासून मगच थ्रॉटल बॉडी बदला. पॅडलचाच आकडा उड्या मारत असेल, किंवा पी २१३८ दिसला, तर दोष पॅडलच्या सेन्सरचा आहे. तो पार्ट वेगळा असतो आणि बदलायला सोपा.

हे होईपर्यंत ताम्हिणी घाटासारख्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्याला ओव्हरटेक करू नका. समोरून ट्रक येत असताना तो क्षणभराचा उशीर जिवावर बेतेल.

मॅपचा आकडा, दोन्ही वेळचा ट्रिम आणि सापडलेले कोड मला कळवा, सोबत किलोमीटर आणि प्लग शेवटचे कधी बदलले तेही. त्यावरून पुढे कुठे हात घालायचा ते सांगतो.