ब्रातिस्लाव्हाचा एक दिवस: पैसे गाडीला द्यायचे की गाईडला?

प्रश्न: आम्ही चिंचवडचे. मे महिन्यात मी, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि आई असे चौघं व्हिएन्ना आणि प्रागला जातोय. सगळं बुकिंग मी स्वतःच केलंय. व्हिएन्नाच्या चार रात्रींपैकी एक दिवस खासगी गाडी आणि गाईड घेऊन ब्रातिस्लाव्हाला जावं असं मनात आहे. नऊ तासांचे 560 युरो सांगितलेत. त्याच कंपनीनं बुडापेस्टचे 920 सांगितले. सहलीसाठी साठवलेल्या पैशातून 60,000 रुपये अजून शिल्लक आहेत. कमी पडले तर कार्डावर घेऊन हप्ते करीन किंवा दोन महिने एसआयपी थांबवीन. आई 71 वर्षांची आहे, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीये. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला तिनं. व्हिसा सिंगल एंट्री आहे. घेऊ का ही टूर?

उत्तर: बुडापेस्टचं आधी सांगतो, कारण तिथे फार विचार करायची गरज नाही. नको. व्हिएन्नाहून बुडापेस्ट सुमारे 240 किलोमीटर. गाडीनं जाऊन-येऊन पाच तास तरी जातातच, आणि 71 वर्षांच्या बाई ते पाच तास गुडघा दुमडून बसणार. हंगेरीत युरो नाही, फोरिंट चालतो, म्हणजे कार्डावर आणखी एक चलनबदल. त्या शहराला दोन रात्री द्यायला हव्यात. पुढच्या सहलीसाठी ठेवा.

ब्रातिस्लाव्हाचं, म्हणजे स्लोव्हाकियाच्या राजधानीचं, मात्र वेगळं आहे. रोम आणि व्हॅटिकन सोडलं तर युरोपात एकमेकींच्या इतक्या जवळ असलेल्या दुसऱ्या राजधान्या नाहीत. रस्त्यानं सुमारे 80 किलोमीटर, ट्रेननं साधारण एक तास. चिंचवडहून लोणावळ्याला जाऊन यावं इतकंच ते. स्लोव्हाकिया 2007 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे सिंगल एंट्री व्हिसाची काळजी सोडा. ऑस्ट्रियातून तिकडे जाऊन परत येणं ही नवी एंट्री धरत नाहीत. मूळ पासपोर्ट मात्र चौघांचेही सोबत हवेत, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघू नका. 2009 पासून तिथे युरोच चालतो, म्हणजे व्हिएन्नात वापराल तेच फॉरेक्स कार्ड तिथेही. व्हिसासाठी काढलेला किमान 30,000 युरोंचा प्रवास विमाही तिथे लागू असतो.

आता 560 युरोंकडे येऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून युरो 100 रुपयांना धरतो. म्हणजे 56,000 रुपये. साध्या क्रेडिट कार्डानं भरलेत तर बहुतेक बँका 3.5 टक्के परकीय चलन शुल्क लावतात आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे आणखी 2,300 रुपये. एकूण 58,300. त्यात जेवण नाही, किल्ल्याचं किंवा चर्चचं तिकीट नाही, टिप नाही. थोडक्यात, तुमच्या हातातले 60,000 या एका दिवसातच संपतात.

माझा पहिला आक्षेप इथेच आहे. तुम्ही त्या 60,000 ना ‘शिल्लक’ म्हणता. मी त्यांना शिल्लक मानत नाही. चौघांची परदेशवारी, त्यात एक ज्येष्ठ नागरिक, एक लहान मूल, आणि बुकिंग सगळं स्वतः केलेलं. प्रागची ट्रेन चुकली, बॅग एक दिवस उशिरा आली, आईंचा गुडघा सुजला आणि दोन दिवस टॅक्सीनंच फिरावं लागलं, तर ती गरज भागवायला हेच पैसे आहेत. जुन्या दुखण्यांसाठी प्रवास विमा बऱ्याचदा पैसे देत नाही. पॉलिसीत ‘आधीपासूनचे आजार’ या शीर्षकाखाली काय लिहिलंय ते आज रात्रीच वाचा. गुडघ्याचा उल्लेख तिथेच कुठेतरी सापडेल. या 60,000 पैकी निदान 30,000 तरी परत येईपर्यंत हात न लावता राहायला हवेत.

हप्त्यांचं तर मनातही आणू नका. 58,300 रुपये वर्षाला 16 टक्क्यांनी बारा हप्त्यांत फेडलेत तर व्याज 5,200 च्या आसपास, त्यावर जीएसटी 900 च्या पुढे, शिवाय प्रोसेसिंग फी. एका दिवसाच्या सहलीसाठी पुढच्या मेपर्यंत दर महिन्याला 5,300 रुपये जात राहतील.

एसआयपीबद्दल मी तुम्हाला घाबरवणार नाही. आमच्या आर्थिक सल्ल्याच्या व्यवसायात असे आकडे सर्रास दाखवतात: दोन महिन्यांचे 30,000, 10 टक्के परतावा धरला तर 18 वर्षांनी 1 लाख 67 हजार. आकडा खरा आहे, पण त्या हिशेबानं माणसानं कधी चहासुद्धा बाहेर पिऊ नये. आईला युरोप दाखवण्यासाठी कुणी दोन महिने एसआयपी थांबवली तर मी त्याला वाईट म्हणणार नाही. प्रश्न इतकाच आहे की या 560 मध्ये तुम्हाला नेमकं काय मिळतंय. ते एकदा सुटं करून पाहिलं तर एसआयपीला हात लावायची वेळच येत नाही.

नऊ तासांचा दिवस आहे. त्यात गाडी चालणार जेमतेम दोन-अडीच तास. बाकी वेळ ती पार्किंगमध्ये उभी, कारण ब्रातिस्लाव्हाचं जुनं शहर पादचाऱ्यांचं आहे, गाडी आत येत नाही. म्हणजे दिवसभराचं भाडं तुम्ही उभ्या गाडीचं देणार, आणि आई दगडी फरशीवरून चालणार ते चालणारच. गाडी घेऊन सुटेल असं तुम्हाला वाटतंय, तोच त्रास गाडीनं सुटत नाही.

गाईडचं काय? ते कंपनीला लेखी विचारा. सोबत येणारा माणूस परवानाधारक गाईड आहे, की इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर? हे मी अनुभवानं सांगतोय. काही वर्षांपूर्वी मी माझ्या वडिलांना व्हिएन्नाहून बुडापेस्टला अशाच खासगी गाडीनं नेलं होतं. माणूस सज्जन होता, गाडी छान चालवत होता, वडिलांसाठी दर तासाला थांबत होता. पण बुडाच्या टेकडीवर पोचल्यावर म्हणाला, मी इथे पार्किंगमध्ये थांबतो, तुम्ही दीड तासात या. ‘गाईडसह’ हे मी गृहीत धरलं होतं. कागद काढून पाहिला तर ‘माहिती देणारा चालक’ असं लिहिलेलं. वडिलांनी साखळी पूल कुणी बांधला, का बांधला असं विचारलं आणि मी फोनवर वाचून दाखवत राहिलो. एवढे पैसे मोजूनही त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. ती खंत अजून गेलेली नाही, आणि म्हणूनच तुम्हाला इतकं सविस्तर लिहितोय.

तुमच्या आईंच्या बाबतीत तर गाईड हाच सगळ्यात मोलाचा भाग आहे. त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवलाय. 1526 च्या मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा पडला, 1541 मध्ये बुडा ऑटोमन तुर्कांच्या हाती गेलं; त्याआधीच, 1536 मध्ये, हंगेरीची राजधानी इथे ब्रातिस्लाव्हाला आली होती. तेव्हा या शहराला प्रेसबर्ग किंवा पोझोनी म्हणत. 1563 ते 1830 हंगेरीचे राज्याभिषेक इथल्या सेंट मार्टिन चर्चमध्ये झाले. आदल्या दिवशी व्हिएन्नात शॉनब्रुनच्या महालात जिचं नाव पन्नास वेळा ऐकाल, त्या राणी मारिया थेरेसाचा अभिषेक 25 जून 1741 ला इथे झाला. अभिषेकानंतर राजानं घोड्यावरून मातीच्या टेकाडावर चढून चारही दिशांना तलवार रोखायची अशी रीत होती. चोहीकडून शत्रू आला तरी राज्य राखीन, ही शपथ. ती रीत तिनंही पाळली, घोड्यावर बसून. ज्या बाईंनी शेकडो मुलांना रायगडावरचा राज्याभिषेक शिकवला, त्यांना हे त्या चर्चसमोर उभं राहून कुणीतरी नीट सांगायला हवं. जुन्या शहराच्या फरशीत पितळेचे छोटे मुकुट बसवलेत, अभिषेकाच्या मिरवणुकीचा मार्ग दाखवणारे. सांगणारं कुणी नसेल तर माणूस त्यांच्यावर पाय देऊन पुढे जातो. तुमची मुलगी मात्र ते मुकुट मोजत चालेल. मॅनहोलमधून डोकं बाहेर काढलेला चुमिल नावाचा ब्राँझचा माणूसही तिला दाखवा.

म्हणून माझा सल्ला असा: गाडी सोडा, गाईड ठेवा. ब्रातिस्लाव्हातलाच परवानाधारक गाईड तीन तासांसाठी खासगी घ्या. त्याला 150 युरोंपर्यंत द्यायची तयारी ठेवा. ट्रेनच्या येण्या-जाण्यासाठी चौघांचे 80 युरो बाजूला काढलेत तरी पुरावेत. किल्ला नदीपासून 85 मीटर उंच टेकडीवर आहे, तिथे वर जायला टॅक्सी, आणि संध्याकाळी स्टेशनपर्यंत टॅक्सी. त्यासाठी 40 ठेवा. झाले 270. म्हणजे 27,000 रुपये. तुमचे 30,000 शाबूत राहतात आणि आणखी 3,000 दुपारच्या जेवणाला उरतात. (आई शाकाहारी असतील तर ब्रिंझोव्हे हालुश्की मागवताना बेकन घालू नका असं आधीच सांगा. बटाट्याच्या पिठाचे गोळे आणि मेंढीच्या दुधाचं चीज. मऊ असतं, त्यांना आवडेल.)

यात मला एकच बदल सुचतो, तोही गुडघ्यासाठी. ब्रातिस्लाव्हाचं मुख्य स्टेशन जुन्या शहरापासून जरा लांब आहे. त्यापेक्षा जाताना बोटीनं जा. व्हिएन्नाच्या मध्यातल्या श्वेडनप्लाट्झहून ट्विन सिटी लायनर ही कॅटामरान निघते, डॅन्यूबच्या प्रवाहाबरोबर 75 मिनिटांत पोचते आणि धक्क्यावर उतरलं की जुनं शहर समोरच. आई पूर्ण वेळ बसून येतील, आणि वाटेत मोराव्हा नदी डॅन्यूबला मिळते त्या कड्यावरचा देव्हिनचा पडका किल्लाही दिसेल. ट्रेनपेक्षा हे तिकीट बरंच महाग. चौघांसाठी एका बाजूचे 140 युरोंपर्यंत धरा. परतीला ट्रेन, कारण बोट उलट प्रवाहानं दीड तास घेते. असं केलंत तर दिवस 370 युरोंवर जातो, म्हणजे राखीव पैशातले 7,000 मोडतात. ते मात्र मी मोडायला सांगेन. हा खर्च आईंच्या पायांवर होतोय.

खासगी गाडीच योग्य ठरेल अशाही परिस्थिती आहेत, त्या लपवत नाही. भाडं माणशी नसतं, गाडीचं असतं. चौघांत 560 म्हणजे डोई 140, सात जण असाल तर 80. सोबत आणखी एखादं कुटुंब असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. आईंना व्हीलचेअर लागत असती तरी गाडीच घ्या म्हटलं असतं. किंवा तुम्ही प्रागऐवजी पुढे बुडापेस्टला मुक्कामाला जाणार असता, तर सामानासह एकमार्गी गाडी करून वाटेत ब्रातिस्लाव्हा पाहणं हा चांगला सौदा होता. तुमच्या बाबतीत यातलं काही नाही.

तरीही गाडीच घ्यायची ठरवलीत तर पैसे भरण्याआधी एका मेलमध्ये सगळं लिहून घ्या: दोन्ही देशांचे महामार्गाचे ई-विनयेत (डिजिटल टोल पास) आणि पार्किंग धरलंय का, नवव्या तासानंतर तासाला किती, किती तास आधी रद्द केलं तर पूर्ण पैसे परत. आगाऊ रक्कम थोडी आणि बाकी त्या दिवशी, असं जमत असेल तर बरं. भारतातल्या ट्रॅव्हल कंपनीकडून पॅकेज म्हणून घेतलंत तर वर टीसीएस (विक्रेत्यानं आगाऊ गोळा करायचा आयकर) गोळा करतात. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

तिकडे कार्ड यंत्राला लावलं की पडद्यावर ‘रुपयांत की युरोत’ असं विचारतील. दर वेळी युरोच निवडा. रुपये दाबलेत तर दर दुकानाच्या बाजूचा लागतो आणि तो कायम महाग असतो. हे पत्नीलाही सांगून ठेवा, कारण घाईत रुपयाचं ओळखीचं चिन्ह दिसलं की बोट तिकडेच जातं.

गाईडला मेल पाठवताना नुसती तारीख लिहू नका. आईंचं वय लिहा, गुडघ्याचं लिहा, सलग किती मिनिटं चालू शकतात ते लिहा, आणि त्या इतिहासाच्या शिक्षिका होत्या हे पहिल्याच ओळीत लिहा. चांगला गाईड त्यावरून वाट बदलतो, कुठे बसवायचं ते ठरवून ठेवतो. मुख्य चौकात 1572 च्या कारंज्यापाशी बसायला जागा आहे. मारिया थेरेसाची गोष्ट तिथे बसूनही सांगता येते.