टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन करतोय, १२ व्होल्टला शॉक लागत नाही मग फ्यूज, जाड वायर कशाला? घरची उरलेली दीडची (१.५ स्क्वेअर एमएम) वायर चालेल का?

नाही भाऊ, दीडची वायर लाइटपुरती ठीक, इन्व्हर्टरला अजिबात नको. १२ व्होल्टचा शॉक बहुतेक लागणार नाही पण आग लागेल ना! हिशोब बघ, १००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर साधारण ८३-८४ अँपिअर ओढतो, लॉस धरून शंभर म्हण, त्याला २५ स्क्वेअर एमएमपेक्षा बारीक तांब्याची केबल नकोच, अंतर लांब असेल तर ३५. त्यात मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास, बंद गाडीत त्याहून जास्त, आणि गरमीत वायरची करंट झेपायची ताकद कमी होते.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात टाक, इन्व्हर्टरजवळ टाकून उपयोग नाही कारण मधे वायर घासून बॉडीला टेकली तर फ्यूजला पत्ताच लागत नाही आणि वायर लालबुंद होते. फ्यूज हा वायरला वाचवायला असतो, टीव्ही वाचवायला नाही (दुकानदार उलटं सांगतात). पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) लाव, वायर मल्टीस्ट्रँडच (बऱ्याच बारीक तारांची) घे, तोरणमाळच्या घाटात हादऱ्यांनी सिंगल तार तुटते. पिळून टेप गुंडाळलेले जॉइंट नकोत, वायरच्या टोकाला लग (धातूचं टोपण) क्रिंप करून, म्हणजे पक्कडीने घट्ट दाबून घे.

बाहेरून २३० व्होल्ट घेणार असशील तर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) लाव आणि गाडीच्या बॉडीला अर्थिंग जोड, ढाब्याच्या प्लगला अर्थिंग आहे का ते तीन पिनच्या सॉकेट टेस्टरने आधी बघून घे, साध्या स्क्रू-ड्रायव्हर टेस्टरने ते कळत नाही.