निशाणी ५ चा अर्ज फेटाळला गेला. अपिलात काय मांडावे?

सातबारा आपल्या नावावर असूनही शेजाऱ्याचे बांधकाम रोखण्यासाठी केलेला तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत काम थांबवून मागणारा अर्ज (यालाच न्यायालयात निशाणी ५ म्हणतात) दिवाणी न्यायालयाने फेटाळला, आता अपिलात तो आदेश फिरेल का, असे आपण विचारले आहे. जिल्हा न्यायालयात अशी अपिले मी वादी आणि प्रतिवादी अशा दोन्ही बाजूंनी चालवली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४३, नियम १ (आर) प्रमाणे आपल्याला अपिलाचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात त्याची मुदत ३० दिवसांची असून नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो. तरीही मुदत आहे म्हणून थांबू नका. नुसते अपील दाखल केल्याने बांधकाम थांबत नाही. त्यासाठी अपिलातच अंतरिम मनाईचा किंवा ‘जैसे थे’चा अर्ज द्यावा लागतो, आणि दरम्यान स्लॅब पडला तर आपली बाजू फार कमकुवत होते.

अपिलात सगळा वाद नव्याने तोलला जाईल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. वाँडर विरुद्ध अँटॉक्स या १९९० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, खालच्या न्यायालयाने आपला विवेकाधिकार मनमानीपणे, विपर्यस्त रीतीने किंवा स्थापित तत्त्वे डावलून वापरला असेल तरच अपील न्यायालयाने हस्तक्षेप करावा. अपील न्यायालयाचे स्वतःचे मत वेगळे पडले असते, एवढे कारण पुरत नाही. म्हणून ‘माझी बाजू खरी आहे’ असे पुन्हा सांगण्याऐवजी आदेशाचा प्रत्येक परिच्छेद वाचून, कोणता दस्तऐवज विचारातच घेतला नाही आणि प्रथमदर्शनी प्रकरण (दाव्यात वरकरणी तथ्य आहे का), सोयीचा समतोल (मनाई दिल्याने वा नाकारल्याने कोणाची गैरसोय जास्त) व भरून न येणारे नुकसान या तिन्हींपैकी कशावर निष्कर्षच दिलेला नाही, ते नेमके दाखवा.

सातबाऱ्याबाबत बहुतेक पक्षकारांचा गैरसमज असतो. महसुली नोंद खरी असल्याचे गृहीत धरले जाते, पण ते गृहीतक पुराव्याने खोडता येते, आणि त्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही. वाद हद्दीचा असेल तर मोजणीचा नकाशा तिच्याहून अधिक बोलतो. शेजाऱ्याने आपल्या मालकीलाच गंभीर आव्हान दिले असेल, तर केवळ मनाईचा दावा अपुरा ठरू शकतो. दाव्यात दुरुस्ती करून मालकी जाहीर करून मागण्याबाबत वकिलांशी आताच बोला. अपिलात होणाऱ्या आदेशावर दुसरे अपील नाही, उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२७ खालची रिट याचिका उरते आणि तिची व्याप्ती याहूनही अरुंद असते.