विधेयक ‘फेटाळलं’, ‘बारगळलं’ की ‘गुंडाळलं’?

तुमचं मूळ वाक्य असं होतं: ‘कॅनडाच्या संसदेने इंटरनेट टेहळणी विधेयक फेटाळले.’ संपादकांनी ते ‘कॅनडातील इंटरनेट टेहळणी विधेयक बारगळले’ असं केलं. अर्थ तोच असताना ही काटछाट कशाला, असं तुम्ही विचारलंत. अर्थ तोच नाही. ‘फेटाळले’ काढलं ते बरोबरच, पण मी तिथे ‘सरकारने गुंडाळले’ लिहिलं असतं.

फेटाळण्यासाठी कुणापुढे तरी गोष्ट निर्णयाला यावी लागते. अर्ज, याचिका, मागणी फेटाळतात. सभागृहाने विधेयक फेटाळलं म्हणजे मतदान झालं आणि विरोधातली मतं जास्त पडली. तुमच्या वाक्यातल्या सी-३० या विधेयकाचं तसं काहीच झालं नाही. सार्वजनिक सुरक्षा मंत्री विक टेव्झ यांनी ते १४ फेब्रुवारी २०१२ रोजी मांडलं आणि पहिल्या वाचनापलीकडे ते गेलंच नाही. गंमत म्हणजे सरकारकडे स्पष्ट बहुमत होतं. मताला टाकलं असतं तर ते पडण्याचं कारण नव्हतं.

मग ते अडलं कशामुळे? ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन क्रमांक, ईमेल, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा ओळख-क्रमांक) ही माहिती न्यायालयाच्या वॉरंटशिवाय पोलिसांना देण्याची सक्ती दूरसंचार कंपन्यांवर येणार होती. संभाषण टिपता येईल अशी यंत्रणाही त्यांनी उभारायची होती. नाव मात्र साळसूद: इंटरनेटवरील भक्षकांपासून बालसंरक्षण कायदा. विधेयक मांडण्याच्या आदल्या दिवशी टेव्झ एका विरोधी खासदाराला म्हणाले की, एकतर आमच्या बाजूने उभे राहा, नाहीतर बालकांची अश्लील चित्रं बाळगणाऱ्यांच्या. या एका वाक्याने लोक बिथरले. विरोधाच्या याचिकेवर लाखाहून जास्त सह्या झाल्या. ट्विटरवर ‘विकला सगळं सांगा’ अशी लाट आली आणि लोक आपल्या दिवसभरातल्या फुटकळ गोष्टी मंत्रिमहोदयांना कळवू लागले. (‘घ्या, ठेवा पाळत’ हे सांगण्याची याहून खोडकर तऱ्हा मला सुचत नाही.)

आता ‘बारगळणे’. या क्रियापदाला कर्ता लागत नाही. सहल बारगळते, बेत बारगळतो, जमत आलेलं लग्न बारगळतं. कुणी मोडलं हे विचारायचं नसतं. म्हणून कॅनडाच्या आधीच्या प्रयत्नांना हा शब्द चपखल बसतो. अशाच आशयाची विधेयकं तिथे २००५, २००९ आणि २०१० मध्ये आली होती. कधी निवडणूक लागली, कधी सत्रसमाप्ती झाली, आणि ती आपोआप संपली. कायद्याच्या मराठीत याला ‘व्यपगत होणे’ म्हणतात. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १०७ प्रमाणे सत्रसमाप्तीमुळे विधेयक व्यपगत होत नाही. कॅनडात मात्र सरकारी विधेयकाला सत्रसमाप्तीसुद्धा पुरते. तिकडच्या बातम्यांचा अनुवाद करताना हा फरक हमखास निसटतो.

सी-३० बाबत मात्र कर्ता होता. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायमंत्री रॉब निकल्सन यांनी जाहीर केलं की सरकार हे विधेयक पुढे नेणार नाही. इथे ‘मागे घेतले’ म्हणायचा मोह होतो आणि बोलताना ते खपूनही जातं. पण मागे घेणं ही सभागृहातली रीतसर क्रिया आहे. आपल्याकडे वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयक ३ ऑगस्ट २०२२ रोजी लोकसभेच्या परवानगीने मागे घेतलं, ते खरं ‘मागे घेणे’. सी-३० साठी तसा प्रस्ताव आला नाही. ते कामकाजाच्या यादीत तसंच पडून राहिलं आणि सप्टेंबर २०१३ मधल्या सत्रसमाप्तीबरोबर गेलं.

म्हणून ‘गुंडाळले’. यात करणारा दिसतो आणि थोडी नामुष्कीही ऐकू येते. ‘बासनात गुंडाळले’ म्हटलंत तर आणखी बरं. बासन म्हणजे पोथ्या-कागद बांधायचं फडकं. ते पुन्हा सोडता येतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ते सुटलंच: ऑनलाइन छळाविरुद्धचं म्हणून आणलेल्या सी-१३ मध्ये जुन्या विधेयकातल्या बऱ्याच तरतुदी परतल्या, वॉरंटशिवायची सक्ती आणि संभाषण टिपण्याची यंत्रणा उभारायची अट तेवढी वगळून. २०१४ मध्ये तो कायदा झालाही. त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पेन्सर खटल्यात, आयपी पत्त्यामागच्या ग्राहकाची ओळख हा खासगीपणाचाच भाग असल्याचं सांगितलं.

जाता जाता, तुमच्या ‘टेहळणी’बद्दल. टेहळणी मुलखाची, शत्रूच्या हालचालींची होते, बुरुजावरून होते. माणसावर असते ती पाळत. ‘पाळत विधेयक’ कानाला विचित्र वाटत असेल तर ‘इंटरनेटवर पाळत ठेवू देणारे विधेयक’ असं सरळ लिहा.

तुम्ही ब्रिटनच्या २०१२ मधल्या ‘स्नूपर्स चार्टर’लाही (लोकांच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवू देणाऱ्या विधेयकाचं हे टोपणनाव) हाच शब्द लावू का, असं विचारलंय. नको. तो नुसता मसुदा होता, संसदेत मांडलाच गेला नाही. एप्रिल २०१३ मध्ये उपपंतप्रधान निक क्लेग यांनी आपला पक्ष सत्तेत असेपर्यंत हे होणार नाही असं सांगितलं, तेव्हा तिथे ‘क्लेग यांनी मसुदा अडवला’ एवढंच पुरे. टोपणनावाला मी ‘चोंबड्यांची सनद’ म्हणेन. तुमच्या संपादकांना चालतंय का बघा.