सात तारांची गिटार म्हणजे फक्त हेवी मेटल रॉकवाल्यांचं फॅड आहे का? पुढे टिकेल का?

शिक्का मेटलचा बसलाय खरा, पण वाद्य जुनं आहे. जॅझमधले जॉर्ज व्हॅन एप्स १९३०च्या दशकातच सात तारा वाजवत होते. ब्राझीलच्या शोरो संगीतात तर खर्जाची चाल सात तारांच्या गिटारवरच वाजते (एकदा ऐकाच). १९९०मध्ये आयबानेझ कंपनीने गिटारवादक स्टीव्ह वायसोबत ‘युनिव्हर्स’ ही सात तारांची गिटार काढली, पुढे कॉर्न या मेटल बँडने तिचे सूर आणखी खाली उतरवले आणि मेटलचं नाव झालं.

टिकेल, पण सहा तारांची जागा घेणार नाही. सातव्या तारेचा खालचा ‘बी’ सूर साधारण ६२ हर्ट्झचा, म्हणजे थेट बेस गिटारच्या हद्दीत. आखूड मानेवर ती जाड तार ढिली, भदभदीत वाजते. शिवाय सुरुवातीला ‘ई’ (सहा तारांतली सर्वात जाड तार) समजून हात ‘बी’वरच पडतो. घ्यायचीच तर २६.५ इंची स्केलची (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीची) बघा.