बिझनेस क्लासचा सेल आणि गोल्ड कार्ड: नागपूरकरांची प्रश्नोत्तरे

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की सेलमधलं बिझनेस क्लासचं एक तिकीट कधी कधी इकॉनॉमीच्या चार-पाच चकरांएवढे स्टेटस पॉइंट्स (विमान कंपनीच्या क्लबमध्ये सिल्व्हर, गोल्ड अशी कार्डं ज्यांवर मिळतात ते) देऊन जातं. त्यावर खूप प्रश्न आले, त्यातले पाच घेतोय.

मुलगा मँचेस्टरला आहे, आम्ही दोघं वर्षातून एकदा जातो. सेलमध्ये बिझनेस घेतलं तर गोल्ड मिळेल का? (मनीषनगरच्या काकू)

काकू, आधी हिशोब बघा. आपल्या सोनेगाव विमानतळावरून दोह्याला जाणारी कतार एअरवेज तुम्हाला सगळ्यात सोयीची, मुंबई-दिल्लीचा फेरा नाही. त्यांच्या क्लबमध्ये दोन वेगळ्या गोष्टी जमतात. एव्हिऑस हे खर्च करायचे पॉइंट्स, आणि क्यूपॉइंट्सवर कार्डाचा रंग ठरतो. १२ महिन्यांत १५० क्यूपॉइंट्स झाले की सिल्व्हर, ३०० ला गोल्ड, ६०० ला प्लॅटिनम. एका फ्लाइटला किती मिळणार ते अंतर आणि तिकिटाचा प्रकार यावर ठरतं, त्यांच्या साइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघता येतं, तिकीट काढायच्या आधीच बघा.

पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, एव्हिऑस कुटुंबात एकत्र करता येतात, क्यूपॉइंट्स नाही, म्हणजे काकांचं कार्ड वेगळं आणि तुमचं वेगळं. दुसरं म्हणजे लाउंज, जास्तीची बॅग, वेगळी रांग हे सगळं बिझनेसच्या तिकिटात बहुतेक वेळा असतंच. गोल्डचा खरा उपयोग इकॉनॉमीत बसल्यावर होतो. तुमच्या पुढच्या इकॉनॉमीच्या चकराच नसतील तर कार्ड कशासाठी? गुडघ्यांना आराम म्हणून बिझनेस घ्या, ते मला पटतं, गोल्डसाठी नका घेऊ. आणि "बिझनेस लाइट" असं लिहिलेलं सगळ्यात स्वस्त तिकीट नीट वाचा, त्यात लाउंज नसतं आणि आधी सीट निवडता येत नाही.

मिहानमध्ये आयटीत आहे. कंपनी वर्षातून चार-पाच वेळा इकॉनॉमीने युरोपला पाठवते. स्वतःच्या पैशाने एखादं बिझनेस तिकीट काढून कार्ड वरच्या पायरीवर ढकलता येईल का?

हे ज्यांना खरंच जमतं ते तुम्ही. वर्षभर इकॉनॉमीतच बसणार, त्यामुळे गोल्ड झालं की प्रत्येक चकरेला लाउंज, एक जास्तीची बॅग नाहीतर वीस किलो वजन, स्टार अलायन्सच्या (एअर इंडिया ज्यात आहे त्या विमान कंपन्यांच्या गटाच्या) गोल्डला हे मिळतंच. पण आधी सगळ्या चकरा एकाच खात्यात टाका. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांची तीन कार्डं आहेत आणि तिन्ही सगळ्यात खालच्या पायरीवर.

मग तिकिटावरचं भाड्याचा प्रकार सांगणारं अक्षर बघा. एकाच केबिनमध्ये दहा जण बसले असतील तर दहा वेगळ्या भाड्यांनी बसलेले असतात, आणि पॉइंट्स त्या अक्षराप्रमाणे पडतात, सीटप्रमाणे नाही. काही विमान कंपन्यांमध्ये सेलच्या बिझनेसलाही भरपूर पॉइंट्स आहेत, तिथेच ही युक्ती चालते. जिथे पॉइंट्स खर्चावर मोजतात तिथे स्वस्त तिकीट म्हणजे कमीच पॉइंट्स, साधी गोष्ट आहे. एअर इंडियाने २०२४ मध्ये हेच केलं, आता खर्चावर मोजतात. तुमच्यासाठी ते वाईट नाही कारण खर्च कंपनी करते आणि पॉइंट्स तुमच्या नावावर पडतात, शिवाय नागपूर-मुंबई आणि नागपूर-दिल्लीला तेच कार्ड चालतं. इंडिगो मात्र कुठल्याच अलायन्समध्ये नाही, तिथे बाहेरचं गोल्ड कार्ड दाखवून काही होत नाही.

आणि पॉइंट्स देऊन अपग्रेड केलं तर स्टेटस पॉइंट्स सहसा मूळ इकॉनॉमी तिकिटाचेच पडतात, यात फसू नका.

भाऊ म्हणतो ब्रिटिश एअरवेजमध्ये एका ट्रिपमध्ये सिल्व्हर होतं. (धरमपेठ)

होत होतं. २००० मैलांवरच्या प्रत्येक बिझनेस फ्लाइटला १४० टिअर पॉइंट्स (त्यांचे स्टेटस पॉइंट्स) आणि सिल्व्हरला लागायचे ६००. ॲमस्टरडॅमहून लंडन, दोहा, सिंगापूर जाऊन-येऊन केलं की ६४० व्हायचे, फक्त त्यांच्या स्वतःच्या चार फ्लाइट्सची अट वेगळी पूर्ण करावी लागायची. लोक त्यासाठी खास सुट्टी काढायचे. १ एप्रिल २०२५ पासून हे बंद, आता एका पौंडाला एक पॉइंट, तोही सरकारी कर सोडून, आणि सिल्व्हरला ७५००, गोल्डला २०,०००. भावाला सांगा, जुन्या माहितीवर तिकीट काढू नको.

कोलंबोहून सुरू होणारं बिझनेस तिकीट भारतातल्यापेक्षा बरंच स्वस्त दिसतं. तिथून घेऊ का? (वर्धा रोड)

भाडं अंतरावर नाही, त्या गावात गिऱ्हाईक किती द्यायला तयार आहे यावर ठरतं, म्हणून कोलंबो, कैरो अशा ठिकाणी स्वस्त दिसतं. पण नागपूर-कोलंबोचं वेगळं तिकीट, एक रात्र हॉटेल, श्रीलंकेची प्रवेशाची परवानगी, आणि परत येताना पुन्हा हेच, हे सगळं धरा आणि मग फरक बघा. पहिला टप्पा सोडून मधूनच बसता येत नाही, पहिल्या फ्लाइटला गेला नाहीत की पुढचं अख्खं तिकीट रद्द होतं.

हे मी कळकळीने सांगतोय कारण माझं स्वतःचं झालंय. दोन वेगळी तिकिटं होती, मध्ये चार तास होते, पहिलं विमान धुक्यात अडकलं आणि दुसऱ्या कंपनीने हात वर केले. त्यांचीही चूक नव्हती, त्यांच्या दृष्टीने मी आलोच नव्हतो. नवीन तिकिटाला जे पैसे गेले त्यात वाचवलेलं सगळं गेलं. तेव्हापासून वेगळी तिकिटं असली की मध्ये रात्र ठेवतो, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्ली टाळून मुंबईमार्गे जातो.

संत्र्याचा व्यापार आहे, दुबईला जातो. बिझनेसच्या तिकिटावर जीएसटी खूप लागतो का? आणि मागच्या वेळचे पॉइंट्स आलेच नाहीत.

इकॉनॉमीला ५ टक्के, त्याच्या वरच्या क्लासला आधी १२ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८. लाखाच्या भाड्यावर ६ हजारांचा फरक झाला तो, म्हणून सेलची किंमत बघताना कर धरून बघा दादा. प्रवास धंद्याचा असेल तर बुकिंगलाच फर्मचा जीएसटी नंबर टाका आणि भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळेल का ते तुमच्या सीएला विचारा.

पॉइंट्स न येण्याचं कारण आपल्याकडे बहुतेक वेळा नावात असतं. पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे, क्लबच्या खात्यात नाही, किंवा बायकोचं खातं माहेरच्या आडनावाने उघडलेलं. खातं पासपोर्टप्रमाणे करून घ्या आणि बोर्डिंग पास असेल तर त्यांच्या साइटवर मागचे पॉइंट्स मागा, त्याला मुदत असते, आजच करा. पास फेकून दिला असेल तर मेलमध्ये ई-तिकीट शोधा, त्यावरचा तिकीट नंबर लागेल.